जर्मन गावाचं वापेन कसं वाचायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माइंझ आणि वोर्म्सच्या मधल्या, द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या एका गावात राहते. नव्याने आलेली मराठी मंडळी घर लागलं, पत्त्याची नोंदणी झाली की महिन्याभरात अग्निशमन दलाच्या गाडीचा किंवा रस्त्यावरच्या लोखंडी झाकणाचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "ताई, हे कसलं चिन्ह?" पुढे मुलं तिसरी-चौथीत गेली की तोच प्रश्न गृहपाठ होऊन परत येतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातलं दुसऱ्यात लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वापेन म्हणजे कुलचिन्हच ना? मराठीत काय म्हणायचं?

घराण्याचं असेल तर कुलचिन्ह म्हणा. पण गाव म्हणजे काही कुळ नव्हे. त्यामुळे मी ढालचिन्ह म्हणते, किंवा सरळ वापेन. जर्मनमध्ये वापेन आणि शस्त्राला असलेला शब्द एकाच मुळातून आले आहेत. बाराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपातले सरदार ढालीवर ठळक, लांबून ओळखू येईल अशी खूण रंगवू लागले. पुढे ती खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, मग बिशप, मठ, शहरं आणि सगळ्यात शेवटी गावं यांनीही ती उचलली.

आज हे चिन्ह गावाच्या कचेरीवर, शिक्क्यात, पत्राच्या माथ्यावर, वेशीवरच्या फलकाजवळ आणि अग्निशमन दलाच्या गणवेशावर दिसतं. सरदारांच्या चिन्हात ढालीवर शिरस्त्राण आणि तुराही असायचा. गावाच्या चिन्हात बहुधा नुसती ढाल असते.

२. आमचं गाव जेमतेम आठशे वस्तीचं. एवढ्या गावाला हे चिन्ह कधी मिळालं? ते मध्ययुगातलं आहे का?

चिन्ह बहुधा नवं असतं, त्यातली खूण मात्र जुनी. जर्मनीतल्या गावांची बरीचशी ढालचिन्हं विसाव्या शतकात, त्यातही दुसऱ्या महायुद्धानंतर ठरली. गावाच्या पंचायतीने प्रस्ताव करायचा, राज्याच्या अभिलेखागाराने तो इतिहासाशी ताडून पाहायचा आणि वरच्या अधिकाऱ्यांनी मंजुरी द्यायची, अशी साधारण पद्धत. तपशील राज्यागणिक बदलतात.

प्रस्तावात घातलेल्या गोष्टी मात्र बऱ्याचदा दोन-तीनशे वर्षं जुन्या शिक्क्यावरून किंवा शिवेच्या दगडावरून घेतलेल्या असतात. आमच्या बाजूला पूर्वी गावाच्या न्यायपंचांकडे शिक्का असे आणि शिवेच्या दगडावर गावाची साधी खूण कोरत: नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, एखादं अक्षर. असा फाळ आज चांदीच्या रंगात ढालीवर दिसतो तेव्हा तो "शेतीचं प्रतीक" म्हणून नव्याने सुचलेला असेलच असं नाही. अनेकदा ती त्या गावाची सहीच असते.

३. वाचायला सुरुवात कुठून करायची?

चार गोष्टी विचारा. गाव कोणाचं होतं? चर्च कोणत्या संताचं? गावाचं नाव काय? गावाचं पोट कशावर होतं? मी आजवर पाहिलेल्या बहुतेक ढालचिन्हांचं उत्तर या चारांत सापडलं आहे, आणि तेही याच क्रमाने. मालक आधी पाहायचा, कारण १८०० च्या आसपास नेपोलियनच्या धामधुमीत नकाशा बदलेपर्यंत हा देश शेकडो लहानमोठ्या सत्तांमध्ये वाटलेला होता. शेजारच्या दोन गावांचे मालक वेगळे असणं ही रोजचीच बाब होती.

एक तांत्रिक गोष्ट. ढालीची उजवी-डावी बाजू ढाल हातात धरणाऱ्याकडून मोजतात. त्यामुळे वर्णनात "उजवीकडे सिंह" असेल तर तुम्हाला तो डावीकडे दिसेल. इथे मुलांच्या गृहपाठात हमखास गडबड होते.

४. सिंह म्हणजे शौर्य, लाल म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे आशा, असं इंटरनेटवर वाचलं. बरोबर आहे का?

गावाच्या बाबतीत जवळजवळ कधीच नाही. ही यादी कुठल्याही गावाला लागू पडते, म्हणूनच ती एकाही गावाबद्दल काही सांगत नाही. सिंहाचंच पाहा. काळ्यावर सोनेरी, लाल मुकुटाचा सिंह असेल तर गाव फाल्त्सच्या राजवटीत होतं. हायडेलबर्गच्या चिन्हातही तोच आहे. निळ्यावर सोनेरी सिंह आणि भोवती सोनेरी विटकरी तुकडे असतील तर नासाऊ. चांदीवर लाल, दोन शेपटांचा असेल तर बेर्ग. निळ्यावर चांदी-लाल पट्ट्यांचा असेल तर हेसेन. सोन्यावर काळा सिंह ऱ्हाइनच्या बाजूला युलिशचा, पण तोच पूर्वेला माइसनचा! म्हणजे नुसता प्राणी आणि रंग पाहून भागत नाही, तुम्ही नकाशावर कुठे उभे आहात तेही पाहावं लागतं.

हुन्सरुक डोंगराळ भागातल्या गावांमध्ये बुद्धिबळाचा पट दिसतो. बुद्धिबळाशी त्याचा संबंध नाही, तो श्पोनहाइम घराण्याचा. लाल-चांदी चौकटी त्यांच्या एका शाखेच्या, निळ्या-सोनेरी दुसरीच्या. बायर्नच्या (म्हणजे बव्हेरियाच्या) निळ्या-पांढऱ्या तिरप्या चौकटींना लोक हौसेने आकाश आणि ढग म्हणतात. खरं तर त्या बोगेन नावाच्या सरदार घराण्याच्या. १२४२ मध्ये ते घराणं संपलं आणि वारसाहक्काने चौकटी विटेल्सबाख राजघराण्याकडे आल्या.

५. आमच्या गावाच्या चिन्हात चाक आहे. धर्मचक्रासारखं काही आहे का? की गाडीवानांचं गाव होतं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहिते. पहिलं काम आरे मोजण्याचं. लालवर चांदीचं, सहा आऱ्यांचं चाक असेल तर ते माइंझचं. माइंझचे आर्चबिशप नुसते धर्मगुरू नव्हते, सम्राट निवडणाऱ्या मोजक्या सत्ताधीशांपैकी एक होते. त्यांची गावं ऱ्हाइन आणि माइन नद्यांपासून थेट थुरिंगियातल्या आइक्सफेल्डपर्यंत पसरलेली होती. एअरफुर्ट माइंझपासून इतकं लांब, तरी त्या शहराच्या चिन्हात हेच चाक आहे, कारण तेही माइंझच्या ताब्यात होतं. आमच्या गावच्या अग्निशमन गाडीच्या दारावरही हेच चाक. लाल गाडीवर लाल ढाल, त्यामुळे कडेची बारीक रेघ उन्हात दिसेनाशी होते आणि चाक एकटंच दारावर चिकटवल्यासारखं वाटतं.

या चाकाची गोष्ट इथे शाळेत सांगतात. विलिगिस हा ९७५ ते १०११ या काळातला आर्चबिशप रथकाराचा मुलगा होता. हिणवायला लोकांनी त्याच्या दारावर चाकं काढली, आणि त्याने तेच चाक अभिमानाने आपलं चिन्ह केलं. गोष्ट सुंदर आहे, मुलांना जरूर सांगा. पण विलिगिस वारला तेव्हा ढालचिन्हांची प्रथाच सुरू झालेली नव्हती, तिला अजून शंभराहून जास्त वर्षं होती. गोष्ट चाकाच्या मागून आली आहे.

आता अपवाद. पाच आऱ्यांचं चांदीचं चाक काळ्यावर असेल तर ते बर्लिशिंगेन या सरदार घराण्याचं. लोखंडी कृत्रिम हातामुळे प्रसिद्ध झालेला सरदार ग्योट्स त्यांच्यातलाच. ओस्नाब्र्युक शहराचं चाक चांदीवर काळं. चाकाच्या कडेला पाती किंवा सुरे असतील तर ते संत कातरिनाचं (प्रश्न ७). कडेला फळ्या किंवा दाते असतील तर पाणचक्कीचं, आणि अशा गावात ओढा असतोच. चोवीस आऱ्यांचं मात्र मला अजून कुठे दिसलेलं नाही.

६. पांढऱ्यावर काळा क्रॉस आहे. म्हणजे नुसतं "ख्रिस्ती गाव" एवढंच ना?

मध्ययुगात इथलं प्रत्येक गाव ख्रिस्तीच होतं, त्यामुळे तेवढं सांगायला कोणी क्रॉस घातला नसता. चांदीवर काळा क्रॉस कोलोनच्या आर्चबिशपांचा, तोच फुल्डाच्या मठाचा, आणि तसाच ट्यूटॉनिक ऑर्डर या धर्मयोद्ध्यांच्या संघाचाही. ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला असाल तर कोलोन धरा, ऱ्होन डोंगरांजवळ असाल तर फुल्डा. चांदीवर लाल क्रॉस मोसेल नदीच्या बाजूला ट्रियरचा. निळ्यावर चांदीचा श्पायरच्या बिशपांचा, ब्रुखझालच्या आसपास तो बराच दिसेल.

७. भाजायची जाळी, सुरी, शिंपला, किल्ली... स्वयंपाकघरातल्या वस्तू ढालीवर कशाला?

या वस्तू संतांच्या आहेत. प्रत्येक जुन्या चर्चचा एक रक्षक संत असतो, आपल्या ग्रामदैवताच्या जवळ जाणारी कल्पना. आमच्या भागात वर्षातून एकदा "केर्ब" भरते. तीही मुळात चर्चच्या वास्तुपूजेची जत्रा. संताचं चित्र लहान ढालीवर मावत नाही, म्हणून त्याची वस्तू तेवढी घेतात. हातात वीणा-चिपळ्या दिसल्या की आपण नारद म्हणतो, तसंच.

जाळी संत लॉरेन्सची. रोममध्ये त्याला तापलेल्या जाळीवर मारलं अशी कथा आहे. सुरी बार्थोलोम्यूची, त्याची कातडी सोलली म्हणून. शिंपला याकोबचा, पण गाव स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावर असेल तर तो वारकऱ्यांच्या वाटेची खूणही असू शकतो. किल्ली पीटरची, कारण स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याकडे. ब्रेमेन, वोर्म्स आणि रेगेन्सबुर्ग या तिन्ही शहरांच्या चिन्हांत किल्ली आहे आणि तिन्हींच्या कॅथेड्रलचा रक्षक पीटर. साखळी लेओनहार्टची, मनोरा बार्बराचा, बाण सेबास्तियनचे. तलवारीने कापलेला झगा मार्टिनचा: त्याने आपला झगा चिरून अर्धा थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला. ११ नोव्हेंबरच्या सुमारास तुमची मुलं कंदील घेऊन ज्याच्या मिरवणुकीत जातात, तोच हा.

मुलांना सांगताना ही सगळी छळाची हत्यारं आहेत याने बिचकू नका. इथल्या मुलांनाही तशीच सांगतात.

८. गावाच्या नावातला प्राणी चिन्हात असतो का?

पुष्कळदा असतो. अशा चिन्हाला जर्मनमध्ये "बोलणारं वापेन" म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो. माइन नदीवरच्या ओक्सेनफुर्टमध्ये "ओक्सेन" म्हणजे बैल, "फुर्ट" म्हणजे नदीतला उतार, आणि चिन्हात बैल. म्युन्शेन म्हणजे म्युनिकचं नाव भिक्षूंवरून, म्हणून चिन्हात भिक्षू. नेकार नदीवरच्या हिर्शहोर्नमध्ये हरणाचं शिंग.

पण याच माइनवर थोडं वर श्वाइनफुर्ट आहे. "श्वाइन" म्हणजे डुक्कर. चिन्हात मात्र गरुड, कारण ते सम्राटाच्या थेट अधिकारातलं शहर होतं आणि तो मान मिरवावासा वाटणं साहजिक होतं (प्रश्न १२).

उलट बर्लिन. नाव स्लाव लोकांच्या भाषेतून आलेलं, मूळ अर्थ दलदल. पण कानाला "बेअर" म्हणजे अस्वल ऐकू आलं आणि १२८० च्या शिक्क्यावर अस्वलं बसली. तेव्हा अशा चिन्हावरून गावाच्या नावाची व्युत्पत्ती ठरवायला जाऊ नका. चिन्ह फक्त एवढंच सांगतं की ते घडवणाऱ्यांना नाव कसं ऐकू आलं.

९. पिवळ्याला सोनं आणि पांढऱ्याला चांदी का म्हणतात?

सोनं आणि चांदी हे दोन "धातू". लाल, निळा, काळा, हिरवा हे "रंग". धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको, हा मूळ नियम. लांबून स्पष्ट दिसायला हवं हे त्यामागचं कारण. छापताना सोन्याऐवजी पिवळा आणि चांदीऐवजी पांढरा चालतो. सरसकट अर्थ रंगांना नाहीत (प्रश्न ४), पण गावाचा झेंडा बहुधा ढालीतल्याच दोन रंगांचा असतो.

१०. कचेरीबाहेरच्या पितळी पाटीवर चिन्हात बारीक रेघा आहेत. त्या नक्षीच्या आहेत का?

रंग आहेत! मला हे कळलं त्या दिवशी मी पाटीसमोर उभी राहून बोटाने रेघा चाचपल्या होत्या. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा, उभ्या-आडव्या जाळीदार म्हणजे काळा. ठिपके म्हणजे सोनं आणि कोरी जागा म्हणजे चांदी. पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइटाने १६३८ मध्ये वापरलेली ही पद्धत युरोपभर रूढ झाली. आमच्या पाटीवर चाकामागे उभ्या रेघा आहेत, म्हणजे लाल. रस्त्यातलं लोखंडी झाकण, दगडी कमान, शिक्का, सगळीकडे ही पद्धत वापरून पाहा. फक्त जुन्या, झिजलेल्या दगडावर भरवसा ठेवू नका.

११. नागमोडी पट्टा, तीन टेकड्या, द्राक्षं, आडवे हातोडे?

हे सोपे. नागमोडी पट्टा म्हणजे नदी किंवा ओढा, आणि गावाच्या नावात "बाख" (म्हणजे ओढा) असेल तर नक्कीच. तीन गोलसर हिरव्या उंचवट्यांना तीन टेकड्या म्हणतात, पण ते ठरलेलं चित्र आहे. गावाभोवती मोजून तीन टेकड्या शोधू नका. द्राक्षं म्हणजे द्राक्षंच. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे खाणकामगारांचे. लिंडनचं पान बऱ्याचदा गावच्या त्या झाडाचं, ज्याच्याखाली पंच बसत. आपल्या पारावरच्या वडाची आठवण येते.

१२. गरुड असेल तर तो देशाचाच ना?

सोन्यावर काळा गरुड सम्राटाच्या थेट अधिकाराचा. शहरांप्रमाणे मोजकी गावंही अशी होती. श्वाइनफुर्टजवळची गोख्सहाइम आणि झेनफेल्ड ही दोन गावं एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत सम्राटाची गावं म्हणून टिकली. चांदीवर लाल गरुड ब्रांडेनबुर्गचा. आणि गरुडाच्या पायाशी पुस्तक किंवा लेखणी दिसली तर तो योहान या शुभवर्तमानकाराचा, म्हणजे उत्तर प्रश्न ७ मध्ये शोधा.

१३. आमच्या गावच्या चिन्हात पाच तारे आहेत. कोणते तारे हे?

आकाशाकडे पाहू नका, आधी गावच्या वाड्या मोजा. पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९७० च्या दशकात गावांची एकत्रीकरणं झाली आणि सुमारे २४ हजार ग्रामसंस्थांच्या जागी सुमारे साडेआठ हजार राहिल्या. एकत्र आलेल्या गावांना नवं चिन्ह हवं होतं. कोणाचाही सिंह घेतला तर बाकीचे रुसणार, म्हणून जितकी गावं तितके तारे, कणसं किंवा पानं. जुनं चिन्ह कायद्याने संपतं, पण माणसांच्या मनातून जात नाही. शेजारच्या एका वाडीत ते आजही नेमबाजी मंडळाच्या झेंड्यावर आहे आणि त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही. त्यामुळे तुमच्या वाडीत दोन वेगळी चिन्हं दिसली तर दोन्ही खरी धरा: एक कचेरीचं, एक वाडीचं.

१४. कृष्णवर्णी माणसाचं डोकं चिन्हात आहे. हे पाहून मला त्रास झाला. याचा अर्थ काय?

त्रास होणं समजण्यासारखं आहे, आणि इथेही यावर गंभीर चर्चा चालू असते. म्युनिकच्या आसपास आणि आल्प्सच्या पायथ्याशी, उदाहरणार्थ इझमानिंग किंवा मिटेनवाल्डला, असं मुकुटधारी डोकं दिसलं तर ते फ्रायझिंगच्या बिशपांचं चिन्ह. १३१६ पासून ते त्यांच्या ढालीवर आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट आधी म्युनिक-फ्रायझिंगचे आर्चबिशप होते, त्यांनीही ते आपल्या चिन्हात ठेवलं. मुकुट घातलेलं डोकं ही मानाची खूण होती, पराभूताची नव्हे.

कोबुर्गचं डोकं वेगळं. तो संत मॉरिस, आफ्रिकेतून आलेला रोमन सेनानी, शहराचा रक्षक. १९३४ मध्ये नाझींनी तो काढला आणि त्या जागी तलवार व स्वस्तिक आणलं; १९४५ मध्ये संत परत आला. २०२० मध्ये त्याच चिन्हाविरुद्ध याचिका झाली, कारण जाड ओठ आणि कानातलं कडं असं त्याचं रेखाटन ठोकळेबाज वाटतं. माझं मत विचाराल तर संताला ठेवावं आणि चेहरा नव्याने, माणसाचा म्हणून काढावा. नियमात ते बसतं, कसं ते प्रश्न १६ मध्ये.

१५. आमच्या जवळच्या गावाच्या चिन्हात नाझींसारखी आकडेदार खूण आहे. हे कायदेशीर आहे?

इंग्रजी झेड अक्षरासारखी, कधी मध्ये आडवी रेघ असलेली ती खूण म्हणजे "वोल्फ्सआंगेल", लांडग्याचा गळ. आमिष लावून लांडगा पकडायचा लोखंडी आकडा. वनखात्याच्या आणि शिवेच्या खुणांमध्ये तो शतकानुशतकं होता. पुढे नाझींच्या एसएस या सशस्त्र दलाच्या एका डिव्हिजनने तो उचलला, म्हणून राजकीय वापर आज गुन्हा ठरू शकतो. गावाच्या चिन्हातला पारंपरिक वापर त्यात येत नाही. पण ते चिन्ह स्वतःच्या शर्टावर किंवा गाडीवर लावू नका.

१६. पत्रावर एक सिंह, गाडीवर वेगळाच सिंह. खरा कोणता?

दोन्ही. खरं चिन्ह म्हणजे चित्र नव्हे, एका वाक्याचं वर्णन: अमुक रंगावर अमुक रंगाचा, अमुक मुकुटाचा सिंह. वर्णनाला धरून चित्रकार आपल्या हाताने काढू शकतो. ऑटो हुप (१८५९–१९४९) या चित्रकाराने काढलेली ढालचिन्हं काफे हाग या कॉफी कंपनीच्या संग्रहचित्रांमधून जर्मन घराघरांत पोहोचली, आणि बऱ्याच लोकांना ढालचिन्ह म्हटलं की आजही हुपची जाड, भरीव रेघच आठवते. तरी गावाने नक्की केलेलं एक अधिकृत रेखाटन असतं. छापायला तेच मागून घ्या.

१७. आपल्याकडे असं काही होतं का?

आपल्याकडे मुद्रा होती, आणि मुद्रेत अक्षर बोलतं. शिवाजी महाराजांची राजमुद्रा संस्कृत श्लोक आहे, चित्र नाही. ढालीच्या आकाराची युरोपीय धाटणीची चिन्हं बडोदा, ग्वाल्हेर अशा संस्थानांना मिळाली ती १८७७ च्या दिल्ली दरबारात. रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ती आखली होती. ग्रामपंचायतीचा गोल शिक्का आजही अक्षरांचाच.

१८. गणेशोत्सवाच्या पत्रकावर गावाचं चिन्ह छापलं तर चालेल का?

विचारल्याशिवाय नाही. चित्रावर प्रताधिकार नसतो म्हणून लोक फसतात. पण जर्मन नागरी कायद्याच्या १२ व्या कलमातलं नावाचं संरक्षण गावाच्या चिन्हालाही मिळतं. पत्रकावर चिन्ह दिसलं की कार्यक्रम गावाचा आहे असा समज होतो, हीच हरकत. पंचायतीला कार्यक्रम, तारीख आणि पत्रकाचा नमुना जोडून लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा परवानगी मिळाली, आणि सरपंच आरतीलाही आले. शाळेच्या वहीत चाक काढायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

१९. तीन गोल वस्तू आहेत. चारही प्रश्न विचारून झाले, तरी उलगडत नाही.

रंग आणि आकार पाहा. तीन सोनेरी गोळे, त्यातही पुस्तकावर ठेवलेले, निकोलसचे: हुंड्याला पैसा नसलेल्या तीन मुलींसाठी त्याने गुपचूप सोनं दिलं. तीन ओबडधोबड, चांदीचे किंवा करडे असतील तर ते दगड, आणि संत स्टेफान, कारण त्याला दगडांनी मारलं. दोन्ही नसेल तर एखाद्या स्थानिक सरदाराचं चिन्ह असणार, आणि ते इंटरनेटवर बसून सापडत नाही. चर्चमध्ये जा. भिंतीत किंवा जमिनीत बसवलेले जुने थडग्याचे दगड पाहा, त्यांच्या कोपऱ्यांत लहान ढाली कोरलेल्या असतात. माझ्या एका मैत्रिणीच्या गावचे गोळे असेच सापडले, वेदीच्या डाव्या हाताला, खुर्च्यांच्या रांगेमागे.